चौथीच्या वर्गातलं उष्टावण

मोनाचं लग्न पन्नास माणसांत उरकलं, त्या वर्षीची ही गोष्ट. मोना म्हणजे माझ्या थोरल्या लेकीची मुलगी. तिच्या लग्नात सगळ्यांनी तोंडं बांधली होती, त्यामुळे मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींचा आवाज विहिरीत उतरलेल्या माणसासारखा येत होता. व्याह्यांचे एक चुलते एक्कावन्नावे म्हणून फाटकातूनच परत गेले, ते अजून आमच्याशी बोलत नाहीत. वर्षाचा आकडा सांगायची गरज नाही. तोंड बांधून लागलेलं लग्न म्हटलं की कुणालाही साल कळतं.

लग्न उन्हाळ्यात झालं आणि नवरात्राच्या तोंडावर पाऊस आला. त्याच्या आधी आठवडाभर माझी सून सुप्रिया बारामतीला आजारी पडली. तपासणी झाली, कोरोना निघाला. दुसऱ्या दिवशी माझा मुलगा रणजित याचाही निघाला. दोघं तिकडे दवाखान्यात आणि त्यांचं सात महिन्यांचं लेकरू, यशराज, तेवढं धड निघालं. रणजितच्या मित्रानं त्याला गाडीतून आणलं, आमच्या ओट्यावर ठेवलं, शेजारी कपड्यांची पिशवी आणि डब्याचं दूध ठेवलं, आणि लांबूनच हात जोडून गाडी वळवली. पार्सल उतरवतात तसं. माझी बायको दगडाबाई पदर खोचून पुढं झाली आणि लेकरू उचललं. मी पिशवी उचलली. पुढचा सगळा घोटाळा पिशवी माझ्याकडं आली तिथंच सुरू झाला.

आमचं गाव भवानीनगरहून इंदापूरकडं जाताना लागतं. गावाच्या दोन्ही अंगांना ओढे. एरवी त्यात पाणी शोधावं लागतं. त्या सकाळी पाणी आम्हाला शोधत आलं. अंगणात आलं, ओट्याला लागलं, आणि सगळ्यांनी उंचावरच्या शाळेकडं निघायचं ठरलं. दगडाबाईनं लेकरू छातीशी बांधलं आणि मला म्हणाली, "पिशवी घ्या. दुसरं काय बी घेऊ नका."

आता शेतकऱ्याला असं सांगून कसं चालेल? विहिरीवरच्या मोटरीचा नवा स्टार्टर मी पावसाच्या भीतीनं घरात आणून ठेवला होता. तो पाण्यात सोडायला माझं मन होईना. एका बगलेत स्टार्टर, खांद्यावर पिशवी, मांडीपर्यंत पाणी. पिशवीची चेन उघडी आहे हे माझ्या लक्षात आलं तेव्हा दुधाचा डबा माझ्या पुढं चालला होता. हात लांब केला तर स्टार्टर जाणार होता. क्षणभर मी विचार केला. तेवढ्यात डबा उसाच्या फडात शिरला.

स्टार्टर वाचला. तो आजही चांगला चालतो. त्याचं हिरवं बटण दाबताना मला दर वेळी तो डबा दिसतो.

शाळेच्या फाटकात एक टेम्पो आडवा उभा होता. इंदापूरहून माल भरून निघालेला, दोन ओढ्यांच्या मध्ये अडकलेला. त्यात ढोबळी मिरची. मी वाट काढायला खाली उतरवून ठेवलेले दोन क्रेट बाजूला सरकवले तर केबिनमधून आवाज आला, "ए म्हाताऱ्या, मिरच्या तुडवू नको!"

मी गावच्या सोसायटीचा दोन वेळा संचालक होतो. मला गावात आबा म्हणतात. माझ्यामागं उभ्या असलेल्या सगळ्या गावानं ते ऐकलं. मी वळून म्हणालो, "म्हातारा कुणाला म्हनतोस रं?" तर तो तंबाखू थुंकत म्हणाला, "हितं अजून कोन हाय?" तो सोपान. चाळिशीचा, पोट सुटलेला, गळ्यात काळा गंडा. पहिल्याच भेटीत मी त्याला मनातून माणसांतून उठवला.

शाळेत पुढं आणखी मान मिळाला. आमची सून कोरोनाची, लेकरू तिथून आलेलं, म्हणून आम्हाला शेवटचा चौथीचा वर्ग मोकळा करून दिला आणि माजी सरपंच कुंडलिकरावांनी दाराबाहेर खडूनं रेघ मारली. "आबा, राग मानू नका. रेघंच्या अलीकडं तुमी, पलीकडं आमी." मी लहानपणी शाळेत गेलो नव्हतो. पन्नाशीनंतर साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलो. त्यामुळे पहिली, दुसरी, तिसरी न करता मला थेट चौथीत प्रवेश मिळाला, आणि तोही बायकोसकट.

यशराजला भूक लागली तेव्हा डब्याचा विषय निघाला. दगडाबाईनं पिशवी उलटी केली, झटकली, पुन्हा उलटी केली. मग माझ्याकडं बघितलं आणि मग स्टार्टरकडं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

गावात दूध भरपूर होतं. डेअरीची गाडी येत नव्हती, त्यामुळे लोक कुत्र्यांना दूध घालत होते. पण आमच्या नातवाला गाईचं दूध तोंडाला लावलं की तो ओठांनी फुर्रर करून सगळं माझ्या सदऱ्यावर परत करायचा. पाणी घालून दिलं, साखर घालून दिलं, गार करून दिलं. घोटभर गेलं की थोड्या वेळानं उलटी. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगाला डेअरीचा वास येऊ लागला.

आता सल्ले सुरू झाले. रेघेच्या पलीकडून येत असल्यामुळे ते ओरडून यायचे. साऱ्या शाळेला ऐकू जायचे.

"आबा, शेळीचं बघा!"

"शेळी कुठाय?"

"व्हाऊन गेली!"

"मग कशाला सांगतुयास?"

एक म्हातारी म्हणाली, लेकराला दृष्ट लागली आहे. एकजण म्हणाला, काकवीत बोट बुडवून चाटवा, आमचा आख्खा खानदान काकवीवर वाढलाय. त्याच्या खानदानाकडं बघून मी तो सल्ला सोडून दिला. फुलाबाई आमची शेजारीण. तिनं घर सोडताना मिक्सर तेवढा वाचवला होता आणि खताच्या पिशवीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "सात म्हैन्याचं हाय, नुसतं दूध कसं पुरंल? त्याला भरड करून घाला. तांदूळ आन् मूगडाळ."

हे मला पटलं, कारण हे मी वाचलेलं होतं. खालच्या अंगाला अंगणवाडीच्या भिंतीवर बाळाच्या पहिल्या जेवणाची सगळी कृती मोठ्या अक्षरात रंगवलेली होती. येताजाता मी ती वाचायचो. उशिरा अक्षरं शिकलेल्या माणसाला भिंत मोकळी सोडवत नाही. मी शाळेच्या कठड्याशी गेलो आणि लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागलो, "तांदूळ दोन वाट्या. मूगडाळ एक वाटी. स्वच्छ धुऊन, वाळवून, वेगवेगळे खमंग भाजावे. नंतर…"

"नंतर काय?" गाव म्हणालं.

"नंतर पानी हाय," मी म्हणालो.

खालच्या चार ओळी बुडाल्या होत्या. कुंडलिकराव म्हणाले, वाट बघू, उतरंल तसं वाचू. मला ते त्या वेळी फार लागलं.

तांदूळ आणि डाळ शाळेतच होती. पोषण आहाराच्या खोलीत, कुलपात. किल्ली हेडमास्तरांकडे आणि हेडमास्तर बारामतीला. शाळा मार्चपासून बंद. फोन लागला. गुरुजी चांगला माणूस. म्हणाले, "आबा, माझी काही हरकत नाही, पण कुलूप सरकारी आहे. लेखी अर्ज द्या, मी वर पाठवतो." कोरडा कागद कुणाकडं नव्हता. मग मी चौथीच्या फळ्यावर खडूनं अर्ज लिहिला. 'महोदय, पुरामुळे लहान बालकास अन्न नसल्याने' असा तो सुरू होत होता. 'नम्र विनंती' मी दोनदा लिहिली. कुंडलिकरावांनी रेघेच्या पलीकडून, एक पाय उचलून, पुढं वाकून त्याचा फोटो काढून पाठवला. उत्तर आलं, 'अर्ज मिळाला. पुढील कार्यवाहीसाठी पाठवत आहे.' आणि मोबाइलचा टॉवर गेला. अर्ज पुढं गेला, आम्ही मागं राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशराज रडायचा थांबला. सगळे म्हणाले, शांत झाला बघा. दगडाबाईनं त्याचा तळवा दाबून बघितला, गालाला बोट लावलं. त्यानं मान वळवली नाही. ती माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "अवो, रडत हुतं तवर बरं हुतं." एवढं ऐकल्यावर मी रेघ ओलांडली. लोक मागं सरकले. मी म्हणालो, "मी कुलूप फोडनार. काय व्हायचं ते हू द्या."

कुंडलिकराव आडवे आले. पंधरा वर्षं सरपंचकी केलेला माणूस. म्हणाले, "थांबा. कुलपाला हात लावायचा न्हाय. कुलूप सरकारी हाय. बिजागऱ्या कुनाच्या हायेत?"

"म्हंजे?"

"बिजागऱ्यांवर सील हाय का?"

नव्हतं. चार माणसांनी बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दार कुलपासकट उचलून भिंतीला टेकवलं. कुलूप जागच्या जागी, बंद. सरकारच्या मालमत्तेला ओरखडा नाही. पुढं कितीतरी महिन्यांनी चौकशीला आलेल्या साहेबांनी कुलूप शाबूत असल्याचं लिहून नेलं आणि तांदूळ कमी झाल्याचं कारण उंदीर असं दिलं. आम्हाला बरंच काय काय म्हटलं गेलं त्या दिवसांत, उंदीर त्यातल्या त्यात बरं.

तांदळात पोरकिडे झाले होते, पण डाळ चांगली होती. पाखडून, निवडून, धुऊन, कापडानं टिपून दगडाबाईनं दोन्ही भाजलं. गॅसची टाकी खोलीतच होती. वासावर सगळी शाळा जमा झाली. आता दळायचं कसं? गावानं टीव्ही वाचवला होता, एकानं कुलरची पाती वाचवली होती, मी स्टार्टर. जातं कुणी आणलं नव्हतं. पाटा-वरवंटा कुणी आणला नव्हता. मग सगळ्यांच्या नजरा फुलाबाईच्या मांडीवर गेल्या.

"वीज कुठाय?" फुलाबाईनं मिक्सर घट्ट धरला. मंडपवाल्याकडं जनरेटर होता. लग्नं बंद असल्यामुळे त्याला गंज चढला होता, पण दोरी ओढून ओढून तो सुरू केला. फुलाबाईनं भांडं लावलं, मी झाकण धरलं. जनरेटरनं असा झटका दिला की झाकण माझ्या हातातून उडालं आणि तांदळाची अर्धी भरड माझ्या तोंडावर, डोक्यावर, मिशीत. लोक हसले. हसू द्या म्हटलं. उरलेली भरड मी वाटीत काढली, पाण्यात शिजवली, आणि लेकराला द्यायच्या आधी जबाबदार माणसानं चाखावी म्हणून चमचाभर तोंडात टाकली.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं.

"फुलाबाई, ह्या भांड्यात काय दळलं हुतं?"

"काय न्हाय ओ. धुतलंय की चांगलं."

"पर दळलं काय हुतं?"

"कांदा-लसूण मसाला," ती म्हणाली. "वरसाचा."

आमच्याकडं वर्षाचा मसाला ज्या भांड्यात दळतात त्या भांड्यात पुढं खीर दळली तरी ठसका लागतो, हे मला कळायला हवं होतं. कुणालाही कळायला हवं होतं. ती भरड पलीकडच्यांनी मागून नेली, वर कांदा चिरून खाल्ली, आणि आबांच्या हाताला चव आहे असं म्हणाले. गेले दोन दिवस सगळा गाव सोपानच्या टेम्पोतली ढोबळी मिरची खात होता. भाजी, भजी, नुसती मिठाला लावून. त्यामुळे त्यांच्या जिभेला किंमत नव्हती.

डाळ-तांदूळ अजून होते. दगडाबाईनं ते पुन्हा भाजायला घेतले आणि म्हणाली, "कुटायचं. हातानं." कशानं आणि कशावर? तेवढ्यात तिची नजर व्हरांड्यात गेली. तिथं शाळेची घंटा टांगलेली होती. पितळेची, जाड, ताटाएवढी चपटी. "ती काढा," ती म्हणाली. ती खाली काढली, राखेनं घासली, उकळत्या पाण्यानं धुतली. पाटा झाला. आता वरवंटा.

जड लोखंड एकाच माणसाकडं होतं. मी टेम्पोजवळ गेलो. अपमान गिळून म्हणालो, "सोपानराव, तुमची टामी पायजे." टामी म्हणजे चाक खोलायचा लोखंडी गज.

त्यानं मला वरून खाली बघितलं. मिशीत अजून तांदूळ होता. "टामी दिली आन् टायर बसला तर?"

"टेम्पो कुठं जानार हाय? चारी बाजूनं पानी हाय."

"पानी उतरलं म्हंजे?"

"लेकराला कुटायचंय."

"आँ?"

"लेकरासाठी कुटायचंय!"

त्यानं टामी काढली आणि माझ्या हातात न देता स्वतःच घेऊन आला. रेघेपाशी मी थांबलो. तो थांबला नाही. रेघेवर पाय देऊन आत आला. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ ड्रायव्हर, कोरोना हाय तितं!" तो मागं न बघता म्हणाला, "मिरच्या खाऊन मेलो तर ह्येच म्हनाल."

टामीही उकळून घेतली. भाजलेले डाळ-तांदूळ फडक्यात बांधून घंटेवर ठेवले आणि सोपाननं पहिला घाव घातला. ठण्ण! फडक्यातूनही असा आवाज निघाला की ओढ्यापलीकडं गेला असेल. दुसरा, तिसरा. व्हरांड्यातून, मागच्या वर्गांतून, टेम्पोच्या खालून गावातली सगळी पोरं पळत आली आणि चौथीच्या वर्गासमोर रांगेत उभी राहिली. मार्चपासून त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता. एकीनं तर हातही जोडले प्रार्थनेला. सोपान थांबला. "आता काय म्हनायचं ह्यांस्नी?" दगडाबाई म्हणाली, "तू कूट बाबा." तो कुटत राहिला आणि पोरं शेवटपर्यंत हलली नाहीत. त्यांच्यातल्या कुणाला घरी जा म्हणावं तर घरं पाण्यात.

भरड झाली. बारीक चाळून, पाण्यात कालवून, तुपाचा थेंब सोडून पातळ शिजवली. वाटीत घेतली, फुंकून गार केली. मी चमचा भरला आणि यशराजच्या ओठांशी नेला. दगडाबाईनं माझं मनगट धरलं.

"थांबा. उष्टावन झालेलं न्हाय."

आमच्याकडं लेकराच्या तोंडात अन्नाचा पहिला घास मामानं घालायचा असतो. सुप्रियाचा भाऊ संभाजी इंदापूरला. उष्टावणाचा दिवस धरला होता, तो आधी टाळेबंदीनं गेला, मग आजारपणानं. मी म्हणालो, "अगं, ही काय वेळ हाय?"

"एकदाच हुतं त्ये. मामाबिगर न्हाय."

आता मी ओरडलो. तीही ओरडली. ती हट्टाची नव्हती. आता मला वाटतं, ती घाबरली होती. लेकरू जेवढं आमचं, तेवढंच सुनेच्या माहेरचं. काही कमी-जास्त झालं तर सगळे म्हणणार, मामाला सोडून घास भरवला. ते तिला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं.

रेघेपलीकडं पंचायत बसली. एकजण म्हणाला, मामाचा फोटो ठेवा. दुसरा म्हणाला, टॉवर आला की व्हिडिओ कॉलवर मामा तिकडून चमचा हलवील. एकानं विचारलं, मामाऐवजी मामी चालते का, तर त्याला म्हणाले, मामी तरी कुठाय. शेवटी कुंडलिकराव उठले. घसा साफ केला. "सुनंच्या म्हायेरच्या गावचा कुनी बी बाप्या, त्यो मामाच. आपल्या गावच्या लेकीला आपून सगळे भाऊ न्हाय का? शिवंच्या आतला पायजे फक्त."

"मग इंदापूरचा कोन हाय हितं?"

सोपान टामी पुसत होता. पुसता पुसता थांबला. "मी इंदापूरचाच की," तो म्हणाला. "बाजारतळाच्या मागं घर हाय."

मला पहिल्यांदा वाटलं, हाच का! ढोबळी मिरचीवाला, तंबाखूवाला, मला म्हातारा म्हणणारा. पण सोपानचं तोंड मी बघितलं. तो एकदम लहान झाला होता. म्हणाला, "पर मला जमायचं न्हाय, आबा. मला सख्खी न्हाय, चुलत न्हाय, भैनच न्हाय. मामा म्हून मला कुनी हाक मारली न्हाय कवा. कसं धरत्यात ते बी म्हाईत न्हाय."

आबा म्हणाला. मी ऐकलं.

दगडाबाई म्हणाली, "मांडी घालून बस. आदी चूळ भर."

त्यानं तंबाखू थुंकली, चूळ भरली, पुन्हा भरली, मग आणखी एकदा भरली. हात धुतले कोपरापर्यंत. डोकं उघडं चालत नाही म्हणून मी माझी टोपी त्याला दिली. ती त्याच्या डोक्यावर बसेना, वरच राहिली. तो चौथीच्या फळ्याखाली, माझ्या अर्जाखाली बसला आणि दगडाबाईनं यशराजला त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं टेम्पोचं स्टिअरिंग धरावं तसं दोन्ही हातांनी लेकरू धरलं. चमचा धरायला हात उरला नाही. मग मी त्याचा एक हात सोडवून त्यात चमचा दिला.

पहिला घास हनुवटीवर सांडला. दुसरा सोपानच्या शर्टावर आला. तिसऱ्याला यशराजनं तोंड उघडलं. असं उघडलं की आम्ही सगळे बघतच राहिलो. मग चमचा जवळ येण्याआधीच उघडायला लागला. दगडाबाई म्हणाली, "बया! कसं शिकवल्यागत खातंय!" वाटी संपली, त्यानं भोंगा पसरला आणि रेघेपलीकडच्या गावानं टाळ्या वाजवल्या. भरड निवडली कुणी, भाजली कुणी, अर्ज लिहिला कुणी, डोळ्यांतून पाणी कुणी काढलं, ते सगळं मागं पडलं. "मामानं खाऊ घातलं," असं लोक म्हणत पांगले.

टॉवर आला तेव्हा सुप्रियाचा फोन आला. ती रडत होती. मी म्हणालो, काळजी करू नको, भरड खाल्ली पोटभर. तर ती आवाज खाली आणून म्हणाली, "आबा, आईंना सांगू नका. मी म्हैनाभर त्याला वरणाचं पाणी आन् मऊ भात भरवतेय. बारामतीत कोन बघतंय म्हनून." मी फोन कानाला घट्ट दाबून धरला. समोर सोपान लेकराला खांद्यावर घेऊन व्हरांड्यात फिरत होता आणि पोरांना सांगत होता, पहिला घास ह्यानं माझ्या हातचा खाल्लाय. मी सुनेला म्हणालो, ठेवतो आता. ते मी दगडाबाईला सांगितलं नाही आणि सोपानला तर नाहीच. या सगळ्या गोष्टीत मला ज्याचं वाईट वाटत नाही अशी ती एकच गोष्ट.

पाणी उतरलं. उरलेली मिरची सडली होती, ती सोपाननं ओढ्यात ओतली. जाताना त्यानं माझी टोपी परत दिली. मी म्हणालो, ठेव. तो म्हणाला, "बसत न्हाय वो आबा," आणि हसला. भिंतीवरच्या खालच्या चार ओळी मी नंतर जाऊन बघितल्या. रंग निघून गेला होता.

रणजित आणि सुप्रिया बरे होऊन आले. संभाजीला, म्हणजे खऱ्या मामाला, राग आला. "माझा मान टेम्पोवाल्याला?" त्याची समजूत दगडाबाईनं काढली. म्हणाली, जावळाला लेकरू दोघांच्या मांडीवर बसवू, एक मांडी तुझी, एक त्याची. संभाजी म्हणाला, अशानं न्हाव्याला केस कुठून धरायचे ते कळायचं नाही. पण तयार झाला. अक्षय्य तृतीयेचा दिवस धरला.

सोपान माल घेऊन जाता-येता आमच्या फाट्यावर थांबायचा. हॉर्न वाजवायचा. मी गेलो की खिडकीतून पिशवी द्यायचा. दर वेळी ढोबळी मिरची. आमच्या घरी ती कुणालाच आवडत नाही. "भाचा काय खातो आता?" मी सांगायचो, भाकरी खातो, दुधात कुस्करून. "दात किती आले?" मी म्हणायचो, उतर की, घरी चल, बघ तुझा तू. तो म्हणायचा, "आता न्हाय आबा. मार्केट गाठायचंय. जावळाला येतो तवा दोन दिस ऱ्हातो." आणि टेम्पो चालू करायचा. मी हाताला धरून उतरवायला हवा होता. घर फाट्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. दगडाबाई दर वेळी भात जास्तीचा टाकायची.

उन्हाळ्यात दुसरी लाट आली. हॉर्न वाजायचा बंद झाला. मला वाटलं, मार्केट बंद असेल. मार्केट बंदच होतं, त्यामुळे तसं वाटण्यात चूक नव्हती. फोन लावला तर त्याच्या बायकोनं उचलला. आम्हाला जाता आलं नाही. कुणालाच कुठं जाता येत नव्हतं. इंदापूर आमच्या गावाहून दिसत नाही एवढंच, लांब नाही.

जावळ संभाजीच्या मांडीवर झालं. यशराज फार रडला.

सोपान दोन हजार एकवीस साली, हनुमान जयंतीच्या दोन दिवस आधी, इंदापुरात दवाखान्यात वारला. मागं आई आहे, बायको आहे, आणि एक भाचा.